जागच्या जागी बुडी

१

विषय : रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल पाणबुडीस जागच्या जागी बुडता यावे यासाठी पाण्याची टाकी बसविणे, व त्या अनुषंगाने उद्भवलेली बाब.

संदर्भ : (१) शेजारीण श्रीमती सुकेशनी यांची तोंडी विनंती. (२) त्यांचाच, पतीच्या मृत्यूच्या दाखल्यासाठीचा अर्ज, जो मी लिहून दिला. (३) माझे डोळे. त्यांतले मोतीबिंदू मागच्याच वर्षी काढले असून आता सगळे स्वच्छ दिसते, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की. पुढचे वाक्य सुचत नाही, पण इथपर्यंत हात आपोआप येतो. जन्मभर कारकुनी केली, त्याची ही शिल्लक. या टिपणीवर निर्णय घेणारा सक्षम अधिकारी कोण, हे मला शोधूनही सापडलेले नाही. पोलीस म्हणावेत तर गुन्हा नाही. डॉक्टर म्हणावा तर रोग नाही. देव म्हणावा तर त्याच्याकडे आवक-जावक नाही, नुसतीच आवक. तरी लिहून ठेवतो. टिपणी लिहिली की बाब निम्मी संपते, असा आमच्या कचेरीत समज होता. उरलेली निम्मी कोण संपवतो, हे तिथे कुणी विचारत नसे.

२

परभणीत आमचे घर आणि सुकेशनीचा नवरा सिद्धोधन याचे घर भिंतीला भिंत लावून आहे. त्याचे वडील माझ्या कचेरीतले. प्लॉट घेतले तेव्हा आम्ही दोघांनी अंगणात मिळून एकच हौद बांधला, सिमेंट वाचले. अर्धा हौद त्यांच्या हद्दीत, अर्धा आमच्या, वर एकच लोखंडी झाकण. गावाकडचे माझे काही नातेवाईक आले की बाटलीचे पाणी विकत आणतात. विचारले तर म्हणतात, पोट नाजूक आहे. त्यांच्या पोटांनी आजवर काय काय पचवले हे ठाऊक असल्याने मी जास्त विचारत नाही.

वडील गेले, मुलगा मोठा झाला, एका आयटीआयमध्ये लेथ मशीन शिकवू लागला. त्याच मशीनने त्याच्या उजव्या हाताची निम्मी करंगळी खाल्ली. पोरे त्याला साडेचार सर म्हणत आणि तो ओ देत असे. सिद्धोधनला एकच नाद होता. हातभर लांबीची पाणबुडी त्याने प्लॅस्टिकच्या पाइपातून घडवली होती, काळी, पोटाशी फुगीर. काठावर उभे राहून रेडिओच्या खटक्यांवर ती चालवायची. मी निवृत्त झाल्यावर संध्याकाळी त्याच्या शेजारी बसायला लागलो. सुरुवातीला वेळ जावा म्हणून. पुढे काळजी वाटू लागली म्हणून, पाणबुडीची.

ती पळता पळता बुडत असे. मोटर चालू असली की शेपटाजवळचे पंख वाकवून नाक खाली घालायची आणि पाण्यात शिरायची. थांबली की बुचासारखी वर.

"काका, हिला थांबून बुडता येत नाही," सिद्धोधन म्हणायचा.

"सरकारी नोकरीला लाव. शिकेल."

तो हसायचा. पाण्यात सोडताना मात्र त्याची एक रीत होती. नुसती ठेवायची नाही. उजवा तळवा तिच्या पोटाखाली धरायचा, बोटे दोन्ही बाजूंनी वर, आणि थांबायचे. ती पुढे झुकत नाही, मागे झुकत नाही, अशी खात्री झाली की मग हात हळूच खाली काढून घ्यायचा. तान्ह्याच्या मानेखालचा काढावा तसा.

तीन वर्षांपूर्वी चैत्रात तो येलदरीच्या धरणावर गेला. सटवाजी नावाच्या मासेमारी करणाऱ्याची होडी घेतली. धरणात पाणी उचलायची गोल विहीर आहे, तिच्याजवळ थांबले. सिद्धोधन होडीच्या काठावर पालथा पडून, हात पाण्यात घालून पाणबुडी सोडत होता. सटवाजीने बिडी पेटवायला तोंड फिरवले. पुन्हा वळला तेव्हा पाणबुडी पाण्यावर तरंगत होती. होडीत माणूस नव्हता.

पोलिसांनी शोधले, पाणबुडे आले, गळ टाकले. काही मिळाले नाही. सटवाजीचा जबाब मी वाचला आहे. त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा येते : आवाज झाला नाही.

३

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सुकेशनी आमच्या ओट्यावर आली. ती शिक्षिका आहे. बोलायच्या आधी पदराने हात पुसते, जणू खडू लागलेला असावा.

"काका, ह्यांची ती पाणबुडी तुमच्याकडंच आहे ना?"

"माळ्यावर आहे."

"तिला थांबून बुडता येईल असं करता येतंय का? खाली जाऊन एका जागी उभी राहायला पायजे. पोटाला कॅमेरा लावू."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. एवढे मोठे धरण आणि हातभर खेळणे.

"मला माहिताय तुमी काय म्हणणार," ती म्हणाली. "पण ऑफिसानं काय लिहिलंय ते तुमीच वाचून दाखवलंत."

वाचून मीच दाखवले होते. प्रेत अगर ओळख पटेल अशी वस्तू मिळाली असल्यास पुरावा जोडावा; अन्यथा विहित मुदत पूर्ण होऊ द्यावी. बेपत्ता माणूस कायद्याने सात वर्षांनी मरतो. तोवर तो ना हयात, ना मयत. बदलीच्या प्रतीक्षेतल्या कर्मचाऱ्यासारखा. घर त्याच्या नावावर. दाखला नाही तर घर विकता येत नाही. अर्पिता, त्यांची मुलगी, नांदेडला शिकायला जायची होती आणि सुकेशनीला तिच्यासोबत कायमचे निघून जायचे होते.

"चार वर्षं काय, निघून जातील," मी म्हणालो. असे म्हणायची सवय असते.

"काका, ते पाणी कुठनं येतंय?"

मी हौदाच्या झाकणाकडे पाहिले.

"त्या विहिरीतनंच येतंय ना आपल्या नळाला? मी गाळते. उकळते. तीन वर्षं झाली. तरी घोट खाली उतरत न्हाई. अर्पिताच्या डब्यात बाटली भरताना माझा हात थांबतो." तिने पुन्हा हात पुसले. "मला हितनं जायचंय. लय न्हाई मागत मी. एक चप्पल. पट्ट्याचं बक्कल. कायतरी सापडू द्या."

भिंतीपलीकडून कुसुमबाईंचा आवाज आला. सिद्धोधनची आई. वय झालेले, कान मात्र शाबूत.

"हुडकायलाव का मारायलाव गं तुमी त्याला?"

हा प्रश्न सुकेशनीला रोज जेवणाबरोबर मिळत असावा.

४

जागच्या जागी बुडण्यात जादू काही नाही. पाणबुडीच्या पोटात एक टाकी बसवायची. टाकीत पाणी ओढले की ती जड होऊन खाली जाते, पाणी बाहेर ढकलले की हलकी होऊन वर येते. जनावरांना टोचतात ती जाडजूड पिचकारी मी आणली. तिचा दट्ट्या मागेपुढे सरकवायला आट्यांचा गज, गज फिरवायला छोटी मोटर. दट्ट्या टोकाला गेला की मोटर बंद पडावी म्हणून दोन्ही टोकांना एकेक बटण. पाणी ओढताना आवाज यायचा : सूंऽऽऽ, आणि शेवटी टक. रेडिओ जुनाच ठेवला, लांब एरियलचा. नव्या रेडिओच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. नवी पिढी खोलात जात नाही, असे मी राजेश्रीला म्हणालो. राजेश्री माझी पत्नी. ती हसली नाही.

"आवो, रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात. तुमी हौदात चाललाव."

"काशीला गेलं तरी शेवटी पाण्यातच."

"अभद्र बोलू नका. आणि त्यात तेल सांडू नका, प्यायचं पाणी हाय ते."

खरे कठीण काम पुढचे. टाकी भरली की पाणबुडीने बुडायला हवे, पण धोंड्यासारखे नव्हे. आणि आडवे, सरळ राहायला हवे. त्यासाठी पोटाशी शिशाचे तुकडे लावायचे आणि रतीरतीने मागेपुढे सरकवत बसायचे. वजन नाकाकडे थोडे जास्त झाले की ती डोक्यावर उभी राहते. सिद्धोधनचे यात आठवडे जात. मी जाळ्याला लावतात ते शिसे आणून अंदाजाने चिकटवले. पहिल्या दिवशी फक्त गळते का, ते पाहायचे होते.

दुपारची वेळ. हौदाचे झाकण उघडले. ऊन तिरपे होऊन आत अर्ध्यापर्यंत पोचत होते. पाणबुडी पाण्यावर ठेवली, रेडिओचा खटका ओढला. सूंऽऽऽ, टक. काळी पाठ पाण्याखाली गेली, हातभर, दोन हात, आणि उन्हाची रेघ संपते तिथे थांबली.

आडवी. सरळ. पाणसळीत.

आनंद व्हायला हवा होता. पण माझे एकही काम आजवर पहिल्या फटक्यात बरोबर आलेले नाही. साधी बिले तीनदा परत येत. मी हौदावर वाकून पाहत राहिलो. पाण्यात कोणतीही वस्तू थोडी तरी डुलते, फिरते. ही डुलत नव्हती. मेजावर ठेवल्यासारखी होती.

खटका उलटा केला. टक. ती वर आली. शेपटाला बांधलेल्या सुतळीला धरून बाहेर काढली, पुसली. मनाशी म्हणालो, योगायोग. आयुष्यात एकदा तरी बरोबर यायचेच. सेवापुस्तकात नोंद घ्यावी.

५

दुसऱ्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. शिशाचे सगळे तुकडे काढून नाकाशी चिकटवले. अशी पाणबुडी नाकावर उभी राहून तळाला गेली पाहिजे. त्याला पर्याय नाही. ते शाळेच्या पुस्तकात आहे.

सूंऽऽऽ, टक. दोन हात खाली. थांबली. आडवी. सरळ.

माणसाची बुद्धी अशा वेळी खालच्या कारकुनासारखी वागते. काहीतरी खुलासा तयार करून वर पाठवते. मी तीन खुलासे केले. मोटरमध्ये चुंबक आहे. हौदाच्या सळईत लोखंड आहे. मोतीबिंदू नीट निघालेले नाहीत. तिन्हींवर मीच शेरा मारला : समाधानकारक नाही.

मागच्या अंगणात बोअर आहे, खारट, भांडी धुवायपुरते. त्या पाण्याने मोठा टब भरला आणि पाणबुडी त्यात सोडली. टक झाले आणि तिने नाक तळाला आपटले, शेपूट वर. अगदी पुस्तकाप्रमाणे. मला इतके बरे वाटले की मी चहा मागितला.

मग नळ यायचा दिवस आला. आमच्याकडे नळ आठवड्या-दहा दिवसांनी येतो. मधल्या काळात लोक हंडे मोजून पाणी वापरतात, वाटीभर सांडले तर घरात भांडण होते. आणि नळ यायच्या दिवशी पहिले काम काय, तर हौदातले उरलेले पाणी शिळे झाले म्हणून उपसून टाकायचे. काल त्याच पाण्याचा वरणभात झालेला असतो. शिळे पाणीही येलदरीचे आणि ताजेही येलदरीचे, हे सांगून काही होत नाही. जिल्ह्यातल्या बायकांनी हा विषय कायमचा निकाली काढलेला आहे.

राजेश्रीने आणि सुकेशनीने हौद उपसला, घासला. नळ उशिरा येणार असे कळले. मी संधी साधली. बोअरचे पाणी नळीने हौदात सोडले, कमरेइतके, आणि पाणबुडी टाकून खटका ओढला. ती नाकावर उलटली आणि तळाशी तशीच तिरपी पडून राहिली. रेडिओ मी ओट्यावर ठेवला. बंद करून.

"हौदात खारं पाणी सोडलंत!" राजेश्री म्हणाली. "आता परत उपसा."

ती बादली आणायला वळली आणि नळाला आधी हवा आली, मग पाणी. हौदाच्या तोंडाशी पाइप धडधडला. पाण्याची धार एका कोपऱ्यात पडत होती, पाणबुडी दुसऱ्या कोपऱ्यात. मी पाहत होतो. येलदरीचे पाणी चढू लागले. आधी शेपूट थोडे खाली आले. नंतर नाक तळावरून उचलले गेले. झटक्याने नव्हे, अगदी सावकाश, कुणी मन लावून उचलावे तसे. पाणी चढत गेले तशी ती वर येत गेली आणि मधोमध येऊन थांबली.

आडवी. सरळ.

"बघा, जमलं की तुमाला," राजेश्री म्हणाली. बादली तिच्या हातात होती. खाऱ्या पाण्याचे ती विसरून गेली.

मी रेडिओकडे पाहिले. बंदच होता.

पलीकडच्या बाजूने कुसुमबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी वाकून हौदात पाहिले. बराच वेळ. मला वाटले त्या काही विचारतील. त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "दिनकरराव, झाकण लावताना आपटू नका. हळू लावा."

६

येलदरीला आम्ही दोघेच गेलो, मी आणि सुकेशनी. सकाळची वेळ, ऊन अजून चढले नव्हते. पाणी बरेच आटले होते. उघड्या पडलेल्या काठावर कुणी कलिंगडाचे वेल लावले होते. सटवाजी होडी घेऊन आला. सुकेशनीला पाहून त्याने टोपी काढली, मग काय करावे हे न सुचून परत घातली.

"साहेब, मी तेवढा होडी वल्हवनार. पाण्यात हात घालनार न्हाई."

"मी कधीच साहेब नव्हतो, सटवाजी."

"मंग लय बरं. साहेब लोकास्नी समजवायला जड जातं." त्याने वल्हे उचलले. "एवढा मोठा मानूस. पाण्यात पडला तर धप्प व्हावं का न्हाई? होडी हलावी का न्हाई? माझी बिडीची काडी इझली न्हाई, साहेब."

विहिरीजवळ होडी थांबवली. पाण्याचा रंग चहासारखा. विहिरीच्या पोटात पंपांची घरघर चालू होती. आमच्या हौदाकडे जाणारे पाणी. सुकेशनीने कॅमेरा चालू केला. तो पोटाला, खाली तोंड करून बसवला होता, शेजारी छोटा दिवा. पाण्याखालचे चित्र वर येत नाही. कॅमेऱ्यात साठते, घरी जाऊन पाहायचे.

घरून निघण्यापूर्वी मी एक गोष्ट केली होती. शिसे नाकाशीच राहू दिले होते. का, ते कुणाला सांगण्यासारखे नव्हते. ती इथे उलटावी अशी माझी इच्छा होती. उलटली तर चित्रात चिखल येईल, सुकेशनीचे काम होणार नाही, आणि मी घरी जाऊन झोपेन.

मी पाणबुडी दोन्ही हातांनी वरून धरली आणि सोडली. तळवा खाली धरला नाही. खटका ओढला. सूंऽऽऽ, टक. शेपटाला बांधलेली दोरी बोटांतून सरकत गेली, आणि थांबली. सैल नाही, ताठ नाही.

आम्ही वाट पाहिली. सुकेशनी होडीच्या फळीवर बसून पाण्याकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते. त्रिसरण म्हणत असेल, किंवा वर्गातली हजेरी.

"पुरे," ती म्हणाली.

मी खटका उलटा केला. खालून अगदी बारीक टक ऐकू आले. टाकी रिकामी झाली होती. आता ती वर यायला हवी होती. आली नाही.

दोरी ओढली. मासा ओढतो तशी ओढ नव्हती. गाळात रुतल्यावर लागते तशीही नव्हती. आपण भरलेले भांडे कुणाच्या हातात देतो, तेव्हा समोरच्याने नीट धरले याची खात्री होईपर्यंत आपला हात सोडत नाही. तसे. मी दोरी दोन्ही हातांत घट्ट धरली. तेव्हा खालून सोडले.

पाणबुडी वर आली, पाण्यावर टेकली आणि लगेच नाक खाली घालून डोक्यावर उभी राहिली. पुस्तकाप्रमाणे.

सटवाजी वल्हे मांडीवर घेऊन पाहत होता. "साहेब," तो म्हणाला, "ती वढ न्हवती. कुनीतरी धरलं हुतं." मग सुकेशनीकडे बघून घाईने म्हणाला, "मासे लय मोठे झालेत औंदा, ताई. लय मोठे."

७

चित्र आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिले. दुपार. कुसुमबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. गॅसवर पिण्याचे पाणी उकळत ठेवलेले. सुकेशनीने अर्पिताच्या जुन्या लॅपटॉपला कॅमेरा जोडला.

हिरवट अंधार. दिव्याच्या उजेडात गाळाचे कण बर्फासारखे खालून वर येताना दिसत होते, म्हणजे आपण खाली जात होतो. मोटरचा आवाज. टक. कण थांबले. तळ दिसत नव्हता. चप्पल नाही, बक्कल नाही, काही नाही. नाक जड असूनही चित्र तिरपे होत नव्हते. मी सुकेशनीला शिशाचे सांगितले नव्हते. आता सांगून उपयोगही नव्हता.

खाली, दिव्याचा उजेड जिथे संपतो तिथे, काहीतरी फिकट झाले.

ते घाईत नव्हते. वर येत गेले तसा त्याला आकार आला. तळवा. रेषा दिसाव्यात इतका जवळ. बोटे दोन्ही बाजूंनी चित्राच्या कडेला गेली आणि वर वळली. एका कडेला अंगठा. दुसऱ्या कडेला तीन, आणि एक अर्धे.

सुकेशनीने हात लॅपटॉपच्या बटणावर नेला, पण दाबले नाही.

मी कारकून आहे. मजकुराचा धक्का बसला तरी नजर तपशिलावर जाते. नखे वाढलेली नव्हती. बोटांची टोके सुरकुतलेली होती, धुणे धुतल्यावर होतात तेवढीच. तीन वर्षांची नव्हे. तासाभराची.

मग तळवा टेकला आणि चित्र काळे झाले. आवाज तेवढा चालू राहिला. पाण्याचा, आणि आणखी एक, जो मोटरचा नव्हता, नियमित होता. तिथे तिने बटण दाबले. पुढे बरेच चित्रण शिल्लक होते. ते तिने पाहिले नाही. मीही नाही.

भांड्यातले पाणी उकळून झाकण थडथडत होते. ते बंद करायला कुणी उठले नाही.

"काका," ती म्हणाली, "हे जोडता येतंय का? पुरावा म्हणून?"

"जोडता येईल."

"ओळख पटते."

"पटते."

"मग?"

"मग अर्ज नामंजूर होईल."

तिने माझ्याकडे पाहिले.

"अर्जात आपण मयत लिहिलंय," मी म्हणालो.

आतल्या खोलीत कुसुमबाई कुशीवर वळल्याचा आवाज आला. सुकेशनी आवाज न करता रडली. शिक्षकांना ते जमते. डोळे पुसून तिने व्यवस्थित विचारले, "अर्ज मागं घेता येतो?"

"येतो. कारण लिहावं लागतं."

"काय लिहायचं?"

जन्मभर मी लोकांना कारणे लिहून दिली. रजेला कारण, विलंबाला कारण, न केलेल्या कामाला कारण. आजारी नसलेल्यांचे आजार मी शोधून काढले आहेत. त्या दुपारी मला एक ओळ सुचली नाही.

तिनेच उठून गॅस बंद केला. निवेपर्यंत वाट पाहिली नाही. ते पाणी तिने मोरीत ओतून दिले, तांब्या घेतला, बाहेर गेली. झाकण हळू उघडल्याचा आवाज आला आणि हळू लावल्याचा. परत आली तेव्हा तांब्या भरलेला होता. तिने तोंडाला लावला आणि न थांबता प्याली.

८

सद्यस्थिती पुढीलप्रमाणे.

अर्पिता नांदेडला वसतिगृहात राहते. सुकेशनी गेली नाही. त्यांच्या घरात आता पाणी उकळत नाहीत. राजेश्रीने एकदा कौतुकाने म्हटले, सुकेशनीचा चेहरा बराच निवला आहे. मी होय म्हणालो. आमच्या स्वयंपाकघरात हल्ली बाटलीचे पाणी येते. राजेश्रीने विचारले तेव्हा मी म्हणालो, पोट नाजूक झाले आहे. नातेवाइकांना फार आनंद झाला.

कॅमेऱ्यातले चित्रण सुकेशनीकडे आहे. पुढचे तिने पाहिले की नाही, हे मी विचारलेले नाही. कधी कधी दुपारी भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज येतो, आणि तो दुसरा, नियमित.

पाणबुडी मी परत माळ्यावर ठेवणार होतो. कुसुमबाई म्हणाल्या, "वर कशाला कोंडताव? हौदात ऱ्हाऊ द्या." त्यांच्याशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. मात्र मी खबरदारी घेतली. टाकी काढली, मोटर काढली, बॅटरी काढली, शिशाचा कण ठेवला नाही. उरला नुसता पोकळ, सीलबंद पाइप. तो बुडणे शक्य नाही. वर तरंगेल, हवा तेव्हा उचलता येईल.

मागच्या आठवड्यात नळ आला. शिळे पाणी उपसायला राजेश्रीने बादली घेतली तर कुसुमबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं, राजेश्री. शिळं न्हाई ते."

मी झाकण उचलून पाहिले. पाण्यावर काही नव्हते. दोन हात खाली, उन्हाची रेघ संपते तिथे, काळी पाठ होती. आडवी, सरळ. मी झाकण हळू लावले.

काल दाखल्याच्या कचेरीतून स्मरणपत्र आले म्हणून मी सुकेशनीच्या वतीने जाऊन आलो. टेबलावरचा मुलगा सभ्य होता. त्याने मला बसायला खुर्ची दिली, जी आमच्या काळात कुणी दिली नसती. त्याने विचारले, काही पुरावा मिळाला का? मी नाही म्हणालो. अर्ज मागे घ्यायचा आहे का? मी नाही म्हणालो. त्याने शेरा लिहिला, फाइल बांधली आणि कपाटात परत ठेवली.

अर्ज प्रलंबित आहे.